रिपोर्टमध्ये दर वेळी लोखंड जास्त: झीज इंजिनाची की धूळ लाल मातीची?

तक्रार नेहमीची आहे. दोन-अडीच लाख किलोमीटर झालेली डिझेल गाडी. ऑइल बदलताना जुन्या ऑइलचा नमुना लॅबला पाठवला, तर रिपोर्टमध्ये लोखंड जास्त, ॲल्युमिनियम जास्त, खाली लाल अक्षरांत शेरा. पुढच्या खेपेला ऑइल लवकर बदललं, ब्रँडही बदलला, तरी शेरा तोच. तिसऱ्या खेपेला गॅरेजवाला म्हणतो, आता इंजिन उघडूया. गाडी मात्र चोर्ल्याचा घाट नेहमीसारखी चढते, धूर बेताचा आहे आणि ऑइलच्या दाबाचा दिवा कधी लागलेला नाही.

इंजिन उघडायची घाई करू नका. आधी तीन प्रश्नांची उत्तरं शोधा. नमुना नीट घेतला होता का? आकड्याला किलोमीटरने भागलं होतं का? आणि रिपोर्टमधलं ते लोखंड इंजिनाचंच आहे का? गोव्यात तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथली मातीच लोखंडाची आहे.

आकडा नेमका किती मोठा असतो

रिपोर्टमधलं पीपीएम म्हणजे एक किलो ऑइलमध्ये इतके मिलिग्रॅम. सहा लिटर ऑइलचं वजन साधारण सव्वापाच किलो भरतं. लोखंड १०० पीपीएम आलं, तर अख्ख्या ऑइलमध्ये अर्धा ग्रॅम लोखंड आहे. चिमूटभरसुद्धा नाही. म्हणूनच बाटलीत पडलेला मातीचा एखादा कण रिपोर्ट बिघडवू शकतो.

दुसरी गोष्ट, लॅबचं स्पेक्ट्रोमीटर फक्त बारीक कण मोजतं. पाच ते आठ मायक्रॉनपेक्षा मोठे कण त्याच्या ज्योतीत किंवा ठिणगीत पुरते जळत नाहीत, त्यामुळे ते मोजणीतून सुटतात. बेअरिंगचा पापुद्रा सुटायला लागला तर तुकडे मोठे असतात, ते थेट फिल्टरमध्ये अडकतात आणि रिपोर्ट साळसूद दिसतो. म्हणजे रिपोर्ट चांगला आला तरी इंजिन चांगलं असेलच असं नाही, आणि वाईट आला म्हणून ते गेलंच असंही नाही. फिल्टर कापून बघणं हे या तपासणीचं दुसरं अंग आहे. त्याबद्दल पुढे येईल.

नमुना

गाडी वीस-तीस मिनिटं रस्त्यावर चालवा, नुसती जागेवर सुरू ठेवून भागत नाही. इंजिन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांच्या आत नमुना घ्या, नाहीतर जड कण चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाला बसतात. उत्तम पद्धत म्हणजे डीपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ऑइल ओढणं. प्लास्टिकची नळी दर वेळी नवी घ्या, डीपस्टिकच्या लांबीला मापून कापा आणि चेंबरच्या तळाला टेकू देऊ नका.

पंप नसेल तर चेंबर बोल्ट काढताना घ्या, पण आधी बोल्टच्या भोवतालची जागा पुसून स्वच्छ करा. इथे पावसाळ्यात गाडीच्या पोटाला लाल चिखलाचा थर बसतो. त्यात पावसाआधी गंज लागू नये म्हणून खालून जुनं ऑइल फवारून घ्यायची पद्धत आहे. ते ऑइल आणि माती मिळून बोल्टभोवती जो लगदा होतो त्यात लोखंड, ॲल्युमिनियम आणि कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीच्या इंजिनाची झीज, सगळं असतं. तारेच्या ब्रशने खरवडा, डिझेलने धुवा, कोरड्या फडक्याने पुसा. मग बोल्ट काढा, पहिलं लिटरभर ऑइल जाऊ द्या, मधल्या धारेखाली बाटली धरा आणि शेवटचं ऑइल घेऊ नका.

बाटली लॅबने दिलेलीच वापरा, १०० ते १२० मिलिलिटरची आणि कोरडी. पाण्याची रिकामी बाटली किंवा औषधाची धुतलेली बाटली चालत नाही. नळाच्या पाण्याचे चार थेंब आत राहिले तरी रिपोर्टमध्ये पाणी उगवतं, आणि मग हेड गॅस्केटचा शोध सुरू होतो. बाटली पाऊण भरा. लेबलवर गाडीचे एकूण किलोमीटर, या ऑइलवर झालेले किलोमीटर, मधे किती ऑइल भरलं, ऑइलचा ब्रँड आणि ग्रेड लिहा. मधे भरलेलं ऑइल लिहायला जवळजवळ सगळेच विसरतात आणि जुन्या इंजिनात हिशेब तिथेच चुकतो.

एकदा तरी न वापरलेल्या ऑइलचाही नमुना त्याच लॅबला पाठवा. बोरॉन, मॉलिब्डेनम, थोडं सिलिकॉन, काही ऑइलमध्ये सोडियमसुद्धा कंपनीनेच घातलेलं असतं. नव्या ऑइलचे आकडे हाताशी नसतील तर जुन्यातलं नेमकं वाढलं काय ते कळणार नाही. लॅब मधेच बदलू नका. यंत्राची पद्धत बदलली की त्याच ऑइलचे आकडे वेगळे येतात.

आकड्याला किलोमीटरने भागा

समजा सहा लिटर ऑइलची गाडी आहे आणि तीन रिपोर्ट हातात आहेत. पहिला ५,००० किलोमीटरवरचा: लोखंड ४० पीपीएम, मधे अर्धा लिटर ऑइल भरलं. दुसरा ८,००० वरचा: ६२ पीपीएम, भर एक लिटर. तिसरा ५,००० वरचा: ६६ पीपीएम, भर दीड लिटर.

वरवर पाहिलं तर दुसऱ्या खेपेला उडी बसली आणि तिसऱ्या खेपेला फक्त चारने वाढलं. हिशेब केला की उलटं निघतं. वर भरलेलं ऑइल जुन्याला पातळ करतं आणि जळून गेलेलं ऑइल आपल्याबरोबर धातू घेऊन जातं. म्हणून आकडा थोडा वर न्यावा लागतो: मधे भरलेलं ऑइल भागिले चेंबरमधल्या ऑइलची दुप्पट, त्यात एक मिळवा आणि त्याने आलेल्या पीपीएमला गुणा. पहिल्या नमुन्याचे होतात सुमारे ४२, दुसऱ्याचे ६७, तिसऱ्याचे ७४. आता दर हजार किलोमीटरला भागा: ८.३, ८.४ आणि १४.९. दुसऱ्या रिपोर्टवर घाबरायचं कारणच नव्हतं. लक्ष द्यायचं ते तिसऱ्याकडे, जो दिसायला साधा होता.

आणखी एक खाच आहे. ऑइल काढलं तरी कूलर, टर्बोच्या नळ्या आणि गॅलरीत (इंजिनातल्या ऑइलच्या वाटांत) मिळून दहा टक्क्यांच्या आसपास जुनं ऑइल राहतं. जुन्यात ९० पीपीएम असेल तर नव्याची सुरुवातच ९ पासून होते. घाबरून १,००० किलोमीटरवर ऑइल बदलून नमुना पाठवला, तर ते ९ आणि नव्या झिजेचे ८ मिळून रिपोर्टमध्ये १७ दिसतात. दर हजारी झीज दुप्पट झाल्यासारखं वाटतं, आणि मालक आणखी घाबरून आणखी लवकर ऑइल बदलतो. ३,००० किलोमीटरच्या आतला नमुना कल बघायला वापरू नका.

जुन्या इंजिनासाठी लॅबच्या छापील मर्यादेपेक्षा त्याच इंजिनाची स्वतःची सरासरी जास्त कामाची. तीन नमुन्यांचा दर हजारी आकडा काढा. दीडपट झाला तर नजर ठेवा, दुप्पट झाला तर कामाला लागा. कागदावरची १०० पीपीएमची रेषा प्रत्येक इंजिनाला सारखी लागू पडत नाही.

गोव्यातली धूळ तक्त्यात बसत नाही

धूळ आत जाते का हे ओळखायचा रूढ नियम म्हणजे सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांचं प्रमाण. पृथ्वीच्या कवचात सिलिकॉन साधारण २८ टक्के आणि ॲल्युमिनियम ८ टक्के. त्यामुळे सर्वसाधारण धूळ आत गेली की सिलिकॉन ॲल्युमिनियमच्या तिप्पट-चौपट वाढतं आणि लॅब ‘धूळ’ असा शेरा देते.

पण गोव्यातली लाल माती ज्या जांभा दगडाची, तो तयारच मुळी सिलिका (सिलिकॉनचं ऑक्साइड) धुऊन जाऊन होतो. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका वाहून नेली, मागे उरले ते लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. चिऱ्याच्या खाणीवरची धूळ, मुरमाच्या रस्त्यावरची धूळ, डिचोली, साखळी, सावर्डे भागात ट्रकांच्या मागून उडणारी खनिजाची धूळ, सगळ्यांची जात हीच. ती इंजिनात गेली की लोखंड आणि ॲल्युमिनियम वाढतं, सिलिकॉन मात्र थोडंच वाढतं. तक्ता बघून शेरा लिहिणारा म्हणतो: लोखंड म्हणजे लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर), ॲल्युमिनियम म्हणजे पिस्टन, सिलिकॉन कमी म्हणजे धूळ नाही, इंजिन झिजलंय. निष्कर्ष तक्त्याप्रमाणे बरोबर आणि गाडीच्या बाबतीत चूक.

किनाऱ्यावरच्या गाड्यांचं उलटं. कळंगुट, बागा, कोलवा भागात वाळूच्या वाटेवरून फिरणाऱ्या गाडीत गेलेली धूळ बहुतेक क्वार्ट्झ असते. तिथे सिलिकॉन एकटंच उडी मारतं, ॲल्युमिनियम जागेवर. त्यावर शेरा येतो ‘सीलंट किंवा ॲडिटिव्ह असावं’. गॅस्केट नुकतंच बदललेलं नसेल आणि सिलिकॉन सीलंट लावलेलं नसेल, तर वाळूच धरून चाला. क्वार्ट्झची कठिणता मोह्सच्या दहाच्या मापावर ७, इंजिनातल्या बहुतेक पोलादापेक्षा जास्त. दोन्ही धुळींत ही जास्त घातक.

लाल धूळ तुलनेने मऊ, पण निरुपद्रवी नव्हे. सोनारकामात झिलई द्यायला जी लाल रूज पूड वापरतात ती म्हणजे हेच लोखंडाचं ऑक्साइड. लायनरवरच्या होनिंगच्या तिरप्या रेघांना ती तशीच झिलई देते. रेघा पुसल्या की ऑइल धरून राहत नाही, रिंगा ऑइल वर खेचतात आणि गाडी ऑइल प्यायला लागते.

मग मातीचं लोखंड आणि इंजिनाचं लोखंड वेगळं कसं करायचं? लॅबला पीक्यू इंडेक्स मागा. ही चाचणी ऑइलमधल्या चुंबकीय लोखंडाचं एकूण प्रमाण सांगते, कण कितीही मोठा असो. इंजिनातून निघालेला पोलादाचा कण चुंबकाला जोरात ओढला जातो. लाल मातीतलं हेमॅटाइट (लोखंडाचं ऑक्साइड) आणि गंज दोन्ही जवळपास ओढले जात नाहीत. स्पेक्ट्रोमीटरचं लोखंड वाढलंय पण पीक्यू जागेवर आहे, तर संशय धूळ, गंज किंवा अतिशय बारीक झीज यांच्यावर घ्या. दोन्ही वाढले, तर धातू खरोखर सुटतोय. पीक्यू वाढलं आणि स्पेक्ट्रोमीटरचा आकडा मात्र साधाच राहिला, तर तेच सगळ्यात वाईट, कारण तुकडे मोठे आहेत. काही मातीत थोडं मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला ओढलं जाणारं लोखंडाचं खनिज, असतंच, त्यामुळे पीक्यू अगदी शून्यावर असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

क्रोमियमकडेही बघा. मातीत ते नगण्य असतं, पण क्रोमचा थर असलेल्या रिंगांत भरपूर. लोखंड आणि ॲल्युमिनियमसोबत क्रोमियमही चढत असेल तर धूळ आत येऊन रिंगा घासायला लागली आहे. क्रोमियम जागेवर असेल तर नुकसान अजून हाताबाहेर गेलेलं नाही, किंवा माती बाटलीच्या तोंडावरूनच आत पडली.

धुळीची वाट शोधणं

एअर फिल्टर नवा घालून हे काम संपत नाही. बहुतेक वेळा दोष फिल्टरच्या कागदात नसतो, त्याच्या कडेत असतो.

एअर क्लीनरचा डबा उघडा, फिल्टर काढा आणि स्वच्छ बाजूच्या आत, म्हणजे फिल्टरच्या पुढे इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडात, पांढरं फडकं फिरवा. फडकं लालसर झालं तर धुळीला वाट आहे. ती कुठे आहे हे रेघेवरून कळतं: डब्याच्या एका कोपऱ्यात लाल शेपूट दिसली तर तिथलं झाकण बसत नाही किंवा रबर कडक झालंय. जुन्या गाडीत डब्याच्या क्लिपा तुटलेल्या असतात आणि झाकण तारेने बांधलेलं असतं. असा डबा बदला, तोही शक्यतो कंपनीचाच. बाजारातल्या स्वस्त फिल्टरची रबरी कड अर्धा मिलिमीटर बारीक असली तरी धूळ आत जाते.

मग डब्यापासून टर्बोपर्यंतचा रबरी होज हाताने वाकवून बघा, खाचांत चिरा असतात. क्लॅम्पखाली ग्रीसचा पातळ थर देऊन हजार किलोमीटरनंतर परत उघडून बघितलं, तर ग्रीसवर लाल पूड बसली आहे की नाही ते कळतं. टर्बोच्या पुढचा इंटरकूलरचा होज फुटला तर हवा बाहेर जाते, आत येत नाही. तिथे धूळ शोधण्यात वेळ घालवू नका.

फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारून वापरणं ही इथली जुनी सवय. मारायचीच असेल तर आतून बाहेर, ३० पीएसआयच्या आत, नळी कागदापासून वीतभर लांब. पेट्रोल पंपावरची टायरची हवा जवळून मारली की कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. मग फिल्टर स्वच्छ दिसतो, गाडी हलकी ओढते, आणि पुढच्या रिपोर्टमध्ये लोखंड वाढतं. फिल्टरच्या आत टॉर्च धरून अंधारात बघितलं तर मोठी भोकं दिसतील, लहान दिसणार नाहीत. खाणपट्ट्यात फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर ऑक्टोबर ते मे या काळात निम्म्या अंतरावर बदला आणि हवा मारायचं सोडून द्या.

धूळ वरून, ऑइलच्या बाजूनेही जाते. ऑइल भरायच्या झाकणाचं रबर गेलं, डीपस्टिक नीट बसत नाही, किंवा गॅरेजमधलं नरसाळं तसंच धुळीत पडलेलं असतं. ही धूळ आधी बेअरिंगमध्ये जाते. खूण अशी: सिलिकॉन किंवा ॲल्युमिनियमसोबत शिसं, कथील, तांबं वाढतं आणि क्रोमियम मात्र हलत नाही.

पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी

भाड्याच्या अनेक गाड्या जूनपासून चवथीपर्यंत अंगणात उभ्या असतात. दमट हवेत लायनरच्या उघड्या भागावर आणि कॅमवर गंज धरतो. हंगाम सुरू झाल्यावर तो गंज ऑइलमध्ये उतरतो, आणि चवथीनंतरच्या पहिल्या नमुन्यात लोखंड एकटंच वर दिसतं. ॲल्युमिनियम, क्रोमियम, पीक्यू शांत. पुढच्या नमुन्यात ते आपोआप खाली आलं तर विषय संपला. म्हणून ऑक्टोबरच्या नमुन्याची तुलना मागच्या ऑक्टोबरशी करा, एप्रिलशी करू नका. उभी गाडी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करून बंद करणं हा उपाय नव्हे, त्याने पाणी आणखी साचतं. सुरू केली तर ऑइल पुरतं तापेपर्यंत, म्हणजे अर्धा तास तरी रस्त्यावर चालवा.

सोडियम, आणि विहिरीचं पाणी

कूलंट ऑइलमध्ये शिरलं की पाणी उष्णतेने उडून जातं, पण त्यातले सोडियम, पोटॅशियम, बोरॉन मागे राहतात. त्यांच्यावरून हेड गॅस्केटची किंवा ईजीआर कूलरची (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणाऱ्या कूलरची) गळती पकडता येते. मात्र ही युक्ती रेडिएटरमध्ये कूलंट असेल तरच चालते. जुन्या गाडीत विहिरीचं साधं पाणी भरत आलात तर गळतीचा माग ठेवणारं त्यात फारसं काहीच नसतं. रिपोर्ट कोरा येतो आणि बेअरिंग पाण्याने खाल्लं जातं. ज्याला ऑइलचा रिपोर्ट कामाचा हवा आहे त्याने आधी रेडिएटरमध्ये योग्य कूलंट भरावं.

उलट, सोडियम एकटंच थोडं वाढलं, पोटॅशियम आणि बोरॉन हललं नाही, तर आधी नव्या ऑइलच्या नमुन्यात सोडियम होतं का ते बघा, मग बाटली धुतली होती का ते विचारा. समुद्राकाठच्या गाडीत मिठाचा अंशही येऊ शकतो. इंटरकूलर किंवा ॲल्युमिनियमचा कूलर नवा बसवला असेल तर जोडकामाच्या फ्लक्समधून पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम काही काळ वर राहतं. ती गळती नव्हे.

संशय उरला तर गाडी रात्रभर थंड होऊ द्या, रेडिएटरच्या झाकणावर छापलेल्या दाबाइतका दाब हातपंपाने द्या आणि अर्धा तास काटा बघा. रेडिएटरच्या तोंडावर ज्वलनवायू तपासायची निळी चाचणीही करून घ्या: पेट्रोल गाडीत द्रव पिवळा, डिझेलमध्ये हिरवट झाला तर सिलिंडरचा वायू पाण्यात येतोय. ऑइलमध्ये पाणी आहे का हे घरी बघायचं तर डोळ्यांना चष्मा लावून तापलेल्या जाड तव्यावर एक थेंब टाका. तडतडून बुडबुडे आले तर पाणी ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा जास्त आहे.

ऑइल पातळ किंवा घट्ट होणं

लोखंड वाढायचं एक कारण डिझेलच असतं. इंजेक्टर टपकला की डिझेल लायनरवरचा ऑइलचा पदर धुऊन नेतं आणि खाली चेंबरमध्ये ऑइल पातळ करतं. १५डब्ल्यू-४० ऑइलची १०० अंश सेल्सियसवरची विस्कॉसिटी (घट्टपणा) १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मधे असायला हवी. ती १२.५ च्या खाली गेली, फ्लॅश पॉइंटही (ऑइलची वाफ पेट घेते ते तापमान) उतरला आणि डीपस्टिकवर पातळी कमी होण्याऐवजी वाढली, तर डिझेल मिसळतंय. २ टक्क्यांवर नजर ठेवा, ५ टक्के झालं की ऑइल टाका आणि इंजेक्टर काढा. कॉमन रेलमध्ये चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन जागेवर मिनिटभर चालवलं, तर ज्याची परत जास्त तो गेलेला कळतो. पण परत कमी असलेला इंजेक्टरही टोकाला टपकू शकतो, तेवढ्यासाठी बेंचवरच तपासायला हवा.

विस्कॉसिटी वाढली तर काजळी किंवा ऑइल जळून घट्ट होणं. फोंड्याच्या बाजारात किंवा फेरीबोटीच्या रांगेत चालू ठेवलेली जुनी डिझेल गाडी काजळी लवकर जमवते. टीबीएन नव्या ऑइलच्या निम्म्यावर आला की ऑइलची आम्ल मारायची ताकद संपत आली असं समजा. तांबं आणि शिसं त्याच सुमाराला वाढलं तर बेअरिंग घासून नव्हे, आम्लाने झिजतंय. त्यावर उपाय ऑइल वेळेवर बदलणं एवढाच.

तांबं एकटंच वाढणं हा नेहमीचा बागुलबुवा. ऑइलचा ब्रँड बदलला की नव्यातली रसायनं कूलरमधल्या तांब्यावरचा जुना थर सोडवतात, आकडा वर जातो आणि दोन-तीन ऑइलमध्ये खाली येतो. शिसं आणि कथील सोबत नसेल तर बेअरिंगला दोष देऊ नका. नव्या पिढीच्या इंजिनात मात्र शिशाविना, ॲल्युमिनियम-कथिलाची बेअरिंग असतात. तिथे शिसं शून्य आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कथील बघा.

फिल्टर कापणं

ऑइल फिल्टर हॅकसॉने कापू नका, त्याचाच चुरा आत पडतो. पाइप कापायच्या चाकाच्या कटरने वरची कड फिरवून काढा. कागदाच्या घड्या सुरीने वेगळ्या करा, शिकंजात दाबून ऑइल निथळू द्या, मग एक घडी रॉकेलमध्ये हलवून ते रॉकेल पांढऱ्या सुती कापडातून गाळा. उन्हात कापड तिरकं धरा. तुरळक चमक जुन्या इंजिनात असतेच. नखाच्या टोकावर उचलता येईल असा चकचकीत पापुद्रा निघाला तर चुंबक लावा: चिकटला तर पोलाद, म्हणजे कॅम, गिअर किंवा रिंग. न चिकटणारा रुपेरी असेल तर पिस्टन किंवा बेअरिंग, तांबूस असेल तर बुश किंवा बेअरिंगचा आतला थर. असा पापुद्रा दिसला की पीपीएम काहीही म्हणो, गाडी घाटात नेऊ नका.

मग करायचं कोणत्या क्रमाने

आधी हवेची वाट बंद करा, ऑइल आणि फिल्टर बदला, ऑइलचा ब्रँड तोच ठेवा. दुरुस्ती एका खेपेला एकच करा. डबा, इंजेक्टर आणि ऑइलचा ब्रँड तिन्ही एकदम बदलले तर लोखंड कशाने उतरलं ते कधीच कळणार नाही. ३,००० किलोमीटरवर डीपस्टिकच्या नळीतून मधला नमुना घ्या, ऑइल काढू नका. दर हजारी आकडा जुन्या सरासरीकडे परतला तर धूळच होती. तसाच राहिला आणि पीक्यूही वर असेल, तर कॉम्प्रेशन आणि लीक-डाऊन (सिलिंडरमधून हवा किती गळते) तपासा, चेंबरच्या ब्रीदरमधून येणारा वायू बघा, गरम इंजिनावर यांत्रिक गेज लावून ऑइलचा दाब मोजा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहा.

इंजिन उघडायचा निर्णय एका रिपोर्टवर कधीच घेऊ नका. बेअरिंगचे धातू लागोपाठ दोन नमुन्यांत दुप्पट, फिल्टरमध्ये पापुद्रे, गरम दाब मर्यादेच्या खाली, हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल: यातल्या कोणत्याही दोन गोष्टी जुळल्या तर उघडा. फक्त लोखंड आणि ॲल्युमिनियम वर आहे आणि बाकी सगळं शांत आहे, तर पैसे एअर क्लीनरच्या डब्यावर खर्च करा.

इंजिन काम करून घेतलंच, तर डबा आणि होज त्याच वेळी बदला. जुना डबा तसाच ठेवून नव्या रिंगा बसवल्या की त्याही त्याच धुळीने घासल्या जातात, आणि दोष गॅरेजच्या कामाला किंवा रिंगांच्या ब्रँडला दिला जातो. कामानंतरच्या पहिल्या दोन ऑइलमध्ये लोखंड, तांबं जास्त येणारच, सीलंटमुळे सिलिकॉनही बरंच वर असेल. ते आकडे नोंदवून ठेवा पण सरासरीत धरू नका. सरासरी तिसऱ्या ऑइलपासून नव्याने सुरू करा, आणि तेव्हापासून बाटलीच्या लेबलवर गाडीच्या एकूण किलोमीटरसोबत इंजिन कामानंतरचे किलोमीटरही लिहा.